एका संशोधक बाईंची चाळिशी

"आता या वयात शिकून काय करायचंय?" हे वाक्य आपल्या घरांतून किती वेळा ऐकू येतं! मुलं जरा हाताबाहेर झाली, दुपारची सवड मिळू लागली, की एखादी बाई परीक्षेचा फॉर्म आणते, आणि घरचा पहिला प्रश्न असतो तो वयाचा. अमेरिकेतल्या आयलीन सदर्न यांना डॉक्टरेट मिळाली १९६१ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. ज्या ग्रंथामुळे त्यांचं नाव झालं तो निघाला तेव्हा पन्नाशी उलटलेली होती.

बाई कृष्णवर्णीय. जन्म १९२० चा, मिनियापोलिस शहरातला. पियानो लहानपणापासून. शिकागो विद्यापीठातून १९४० साली बी.ए. आणि पुढच्याच वर्षी एम.ए. झाल्या. १९४२ मध्ये जोसेफ सदर्न यांच्याशी लग्न झालं. मग टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना अशा दक्षिणेकडच्या राज्यांत, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या कॉलेजांतून त्यांनी शिकवलं. त्या काळी तिकडे गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागासुद्धा वेगळ्या. आज या गावी, उद्या त्या गावी असा तो सगळा संसार. पुढे न्यूयॉर्कला शाळेत नोकरी, आणि ती सांभाळून डॉक्टरेटचा अभ्यास.

गंमत म्हणजे एम.ए.चा प्रबंध कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांशी संबंधित होता, पण डॉक्टरेटला त्यांनी विषय घेतला तो पंधराव्या शतकातल्या एका जर्मन हस्तलिखिताचा! तेव्हा विद्यापीठांत संगीताचा इतिहास म्हणजे युरोपचाच इतिहास. मला मात्र वाटतं, ती मेहनत वाया गेली नाही. जुनी कागदपत्रं कशी वाचायची, एका ओळीवरून किती अनुमान काढायचं आणि कुठे थांबायचं, ही शिस्त तिथेच हाताशी आली असणार.

१९६० नंतरच्या दशकात कृष्णवर्णीयांची हक्कांची चळवळ जोरात होती. आमचा इतिहास का शिकवत नाही, असं विद्यार्थी विचारू लागले. संगीतापुरतं बोलायचं तर शिकवायला धड पुस्तक नव्हतं. गुलामांना लिहावाचायला शिकवणं अनेक राज्यांत कायद्यानेच गुन्हा होता. गाणी जात्यावरच्या ओव्यांसारखी तोंडोतोंडी चाललेली. मग अडीचशे वर्षांपूर्वी कोण काय वाजवत होतं, हे कळायचं कसं?

इथे बाईंची चिकाटी दिसते. त्यांनी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली. त्यांत मालकांनी दिलेल्या जाहिराती असत: माझा अमुक नावाचा गुलाम पळाला आहे, पकडून देणाऱ्यास बक्षीस. आपल्याकडे 'हरवले आहेत' या मथळ्याखाली वर्णन छापतात तसं पळालेल्याचं वर्णन असे. उंची, अंगावरचे कपडे, चेहऱ्यावरचा व्रण. आणि मध्येच, हा फिडल चांगलं वाजवतो, जाताना वाद्य बरोबर नेलं आहे. ज्या कागदाने माणसाला पकडून आणायचं, त्याच कागदावर तो वादक असल्याची नोंद राहिली. वाचताना अंगावर काटा येतो. अशा जाहिराती, प्रवाशांच्या रोजनिश्या, चर्चच्या नोंदी यांतून १९७१ मध्ये 'द म्युझिक ऑफ ब्लॅक अमेरिकन्स' हा ग्रंथ उभा राहिला.

त्यात नॅशव्हिलच्या फिस्क कॉलेजमधल्या मुलामुलींची हकिगत आहे. कॉलेजची तिजोरी रिकामी, म्हणून १८७१ मध्ये ही पोरं गाण्याचे कार्यक्रम करत गावोगाव निघाली. त्यांतली बरीचशी जन्माने गुलाम. आईबापांची भक्तिगीतं चारचौघांत गायला आधी त्यांना संकोच वाटे, कारण ती गुलामगिरीची आठवण. पण लोकांना भावली तीच. १८७३ मध्ये इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीनेही ती ऐकली, आणि मिळालेल्या पैशातून कॉलेजची इमारत बांधली गेली.

१९७३ मध्ये या नवराबायकोंनी या संगीतासाठी एक संशोधनपत्रिका काढली. संपादन बाईंचं, व्यवस्था जोसेफरावांची. ती १९९० पर्यंत चालली. ज्यांनी पदराला खार लावून साधं हस्तलिखित मासिक चालवलं असेल, त्यांनाच याची किंमत कळेल!

१९७५-७६ च्या सुमारास त्या हार्वर्ड विद्यापीठाच्या कला-विज्ञान शाखेत कायम प्राध्यापक झाल्या. तिथे या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. विभागप्रमुखपदही सांभाळलं. मान मिळाला, पण कौतुकाच्या बातम्यांत येत नाही ते त्यांनी स्वतः पुढे लिहिलं: काळी म्हणून आणि बाई म्हणून तिथे किती एकटं पडायला झालं ते. तरी काम थांबलं नाही. १९८२ मध्ये दीड हजारांवर संगीतकारांचा चरित्रकोश आला.

१९८७ मध्ये निवृत्ती. त्यानंतर दहा वर्षांनी ग्रंथाची तिसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली. २००१ साली अमेरिकी सरकारने मानव्यविद्येचं राष्ट्रीय पदक दिलं, आणि २००२ मध्ये त्या गेल्या. त्याआधी २००० साली, ऐंशीव्या वर्षी, जोसेफीन राइट यांच्यासोबत एक पुस्तक झालं होतं. जुन्या चित्रांत कृष्णवर्णीय माणसं गाताना, वाजवताना, नाचताना कुठे कुठे दिसतात, ती चित्रं शोधून त्यांत एकत्र केली आहेत.