वर्गातला रेल्वेपूल

गोंदियाहून सातपुड्यात जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आता नाही. नैनपूर-जबलपूरचा तिचा मार्ग मोठ्या रुळांसाठी 2015 साली बंद झाला. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 साली उघडले. तसा देखावा, लहान का होईना, शाळेतही करता येतो.

गुरुजी, खऱ्या एका मीटरला दोन सेंटिमीटर धरा. म्हणजे रुळांमधले अंतर दीड सेंटिमीटर, माणूस सव्वातीन आणि पुलाचा दहा मीटरचा खांब वीस. पूल बांबूच्या कामट्यांचा करा. डोंगरासाठी गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरा. मात्र झाड, घर, पूल, सगळ्यांना माप एकच ठेवा. मग आजोबांची गाडी केवढी होती, हे पोरांना हाताने कळेल.