अडलेला काटा, सावध शरीर

सोलापुरात पहाटे होम मैदानावर, संभाजी तलावाच्या बाजूला किंवा विजापूर रोडच्या कडेने चालणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात एक वाक्य बाराही महिने ऐकू येतं: ‘काटा हालतच नाही की ओ!’ असं म्हणणारा माणूस आळशी नसतो. त्याने चहातली साखर सोडलेली असते, रात्रीचा भात बंद केलेला असतो, पहिल्या दोन-तीन महिन्यांत पाच-सात किलो उतरवून शिंप्याकडून पँटी कमरेत आत घेतलेल्या असतात. मग काटा एका आकड्यावर ठाण मांडतो. महिना जातो, दीड महिना जातो आणि एक दिवस तो माणूस मैदानावर यायचा बंद होतो.

या विषयावर मी गेली कित्येक वर्षं हाती येईल ते वाचतो आहे, चालणाऱ्यांशी, डॉक्टरांशी, व्यायामशाळा चालवणाऱ्यांशी बोलतो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. लोकांची जिद्द कमी पडत नाही. वजन उतरण्याचा वेग मंदावणार आहे, हे त्यांना सुरुवातीलाच कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ते खचतात.

थोडी प्राथमिक माहिती देऊन पुढे जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गाने वजनाला भागलं की बॉडी मास इंडेक्स मिळतो. भारतीयांसाठी तो २३ च्या वर गेला तर वजन जादा आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. ही झाली सगळीकडे मिळणारी माहिती. काटा अडल्यावर शरीरात काय चालतं, ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या महिन्याचा वेग

सुरुवातीला वजन झपाट्याने उतरतं, त्यात चरबीइतकाच पाण्याचाही वाटा असतो. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा खर्च होतो आणि त्याच्याबरोबरचं पाणीही जातं. पहिल्या दोन आठवड्यांत दोन-तीन किलो गेले की माणूस हरखतो आणि तोच वेग कायमचा धरून दिवाळीपर्यंतचा हिशेब मांडतो. चरबी मात्र तिच्या गतीनेच उतरते. म्हणून दुसऱ्या महिन्यात मंदावलेला वेग हाच खरा वेग समजावा.

पुढे बहुतेकांच्या बाबतीत सहा महिन्यांच्या आसपास काटा साफ अडतो. हे समजून घ्यायला मला आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाची फार मदत झाली.

दुष्काळ आणि मिनेसोटातले छत्तीस तरुण

सोलापूरकराला दुष्काळ नवा नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी भुकेल्या लोकांसाठी बादशहाची धान्याची कोठारं उघडली, ही कथा इथलं लहान मूलही सांगतं. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात मुंबई इलाख्यातले जे जिल्हे होरपळले, त्यांत सोलापूर होतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली आणि सुकडी खाल्लेली माणसं आजही गावोगाव आहेत. त्यांच्यापैकी काहींशी मी मुद्दाम बोललो. जवळपास प्रत्येकाने सांगितलं की खाणं घटल्यावर अंगातली ताकद आपोआप जपून वापरली जायची. माणूस बसला की उठायचा नाही, बोलणंही कमी व्हायचं.

हाच अनुभव शास्त्राने मोजून ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपात उपासमार पसरली होती. उपाशी माणसांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे समजून घेण्यासाठी अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग सुरू केला. लढाईला नैतिक विरोध असलेले छत्तीस धडधाकट तरुण त्यात स्वेच्छेने आले. चोवीस आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न मिळालं, बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी असं. दर आठवड्याला पस्तीस किलोमीटरच्या घरात चालणं मात्र सक्तीचं होतं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं, पण स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा वापरतं ती तब्बल ४० टक्क्यांच्या आसपास उतरली. नाडी मंद झाली. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे. आणि सगळ्यांच्या डोक्यात दिवसरात्र फक्त अन्न होतं. आयुष्यात कधी स्वयंपाकघरात न गेलेले तरुण पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसत. १९५० मध्ये कीजने हे सारं दोन जाड खंडांत प्रसिद्ध केलं. या खंडांबद्दल जितकं वाचावं तितकं मला आपल्या १९७२ च्या कहाण्यांची आठवण होते.

आपण डाएट म्हणतो, शरीर त्याला दुष्काळ समजतं. पगार घटल्यावर शहाणं घर आधी वीज आणि पेट्रोलचा खर्च आवरतं, तसंच शरीर करतं. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या संप्रेरकाचं जनुक शोधलं. चरबीच्या पेशी ते तयार करतात. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदूला साठा संपत आल्याची वर्दी मिळते. भूक वाढते, हालचाल नकळत कमी होते. अमेरिकी संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी उतरतो, तर भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. त्यांनी अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. तरी त्यांच्यातल्या ज्यांनी वजन राखलं, त्यांनी रोजची हालचाल भरपूर वाढवली होती.

एवढं समजलं की स्वतःला दोष देण्याचं कारण उरत नाही. दहा किलो उतरवलेल्या माणसाचा काटा अडतो, कारण त्याचं शरीर आता लहान, काटकसरी आणि पूर्वीपेक्षा भुकेलं झालेलं असतं. पहिल्या दिवशी जे जेवण कमी पडत होतं, तेच आता पुरतं.

दोन चमचे शेंगा चटणी

शहराच्या पूर्व भागातल्या एक अक्का आमच्याबरोबर चालायला यायच्या. भाकरी मोजून दोन, भात बंद, आमटी पातळ. तरीही तीन महिने काटा जागचा हलेना. मी त्यांना एवढंच विचारलं, ‘अक्का, चटणी किती घेता?’ त्या म्हणाल्या, ‘चटणीचं काय मोजायचं ओ!’

सोलापुरी शेंगा चटणीचा मी भक्त आहे, म्हणून हे लिहिताना जीभ चाळवते. शेंगा मंद आचेवर भाजून टरफलं पाखडायची, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटायचं. खरी चटणी कुटता कुटता तेल सोडते, गोळा होऊ लागते. मिक्सरच्या कोरड्या भुग्याला ती चव नाही. पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यात ५०० हून अधिक कॅलरी असतात. दोन भरगच्च चमचे चटणी म्हणजे दीडशेच्या घरात, वर कच्च्या तेलाची धार सोडली की दोनशे. दहा किलो उतरल्यावर शरीराने जो रोजचा खर्च वाचवला, तो सगळा इथे भरून निघतो. अक्कांना चटणी सोडायला मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. एक सपाट चमचा घ्यावा, तेलाऐवजी दह्यात कालवावी, एवढंच सुचवलं. महिन्यानंतर त्यांचा काटा हलला.

भाकरीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बीची राणी आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, नुसत्या जमिनीच्या ओलीवर डोक्याएवढी वाढलेली ज्वारी मी पाहिली आहे. अभिमानाने ऊर भरून येतो. पण वजनाच्या हिशेबात ज्वारी आणि गव्हाच्या कॅलरी जवळपास सारख्याच आहेत. कडक भाकरीचा फायदा वेगळा आहे. ती चावायला वेळ लागतो, जेवण लांबतं आणि पोट भरल्याची जाणीव वेळेत होते. आमटीत चुरून चार घासांत संपवली तर तो फायदा गेला. सोबत मटकी, हुलगा, पिठलं, दही असं प्रथिनांचं काहीतरी हवंच.

महाराष्ट्रात या विषयावरून पंथ पडले आहेत. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दोनदाच जेवण्याचा विचार मांडला, लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो पंचावन्न मिनिटांची दोन जेवणं आणि पंचेचाळीस मिनिटं चालणं अशा रूपात घरोघर नेला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर घरच्या, स्थानिक, वेळच्या वेळी खाण्याचा आग्रह धरतात. दोन्ही बाजूंच्या अनुयायांना मी ओळखतो आणि काटा दोन्हीकडे अडतो. ज्याला जी पद्धत वर्षानुवर्षं निभावता येईल ती त्याने धरावी, वाद घालू नये.

काट्याबाहेरची मापं

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांत चरबी अधिक असते, हे त्या एका चित्राने जगाला दाखवलं. काटा चरबी आणि स्नायू वेगळे सांगत नाही. म्हणून शिंप्याची टेप दर पंधरा दिवसांनी बेंबीवरून फिरवावी. काटा जागेवर असताना घेर दोन सेंटिमीटरने उतरतो, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

याहून दिलासा देणारा अभ्यास चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर त्यांनी काम केलं आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. आहार आणि चालण्यात बदल करणाऱ्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. या गटाचं वजन मात्र म्हणावं तसं उतरलंच नव्हतं! ‘काही फरक पडत नाही’ म्हणून चालणं सोडणाऱ्या प्रत्येकाला मी हा अभ्यास सांगतो. काटा थांबला तरी स्वादुपिंड, हृदय आणि रक्तवाहिन्यांना चालण्याचा लाभ मिळतच असतो.

नंदीध्वजाचा सराव

संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, आपल्या गड्ड्याला, सात नंदीध्वज उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि भोगीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक घालत शहराला फेरी मारतात. बाराबंदीतला भक्त छपरांहून उंच काठी तोलत चालतो, हे दृश्य पाहायला मी दरवर्षी उभा असतो. त्याआधी काही आठवडे सराव चालतो, तोही मी आवर्जून पाहतो. नवा पोरगा काठीखाली येतो, मांड्या थरथरतात, दोन पावलांत जुने हात काठी सावरतात. पुढच्या आठवड्यात तोच पोरगा चौकापर्यंत जातो. सरावात कुणी कुणाचं वजन विचारत नाही. काल कुठवर पेलली आणि आज कुठवर, एवढंच मोजलं जातं.

अडलेल्या काट्यावर भार पेलण्याचा हाच उपाय सर्वांत कमी वापरला जातो. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर गेलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायू आणि इतर ऊतींचा असतो. स्नायू राखायचे तर त्यांना भार द्यावा लागतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर, पाण्याने भरलेल्या कळशा उचलणं, जिना चढणं. आकडा इथेही लिहावा: भिंतीला टेकून किती जोर, आधाराशिवाय किती बैठका. काटा हलत नाही त्या महिन्यात हा आकडा वाढतो आणि उमेद टिकते. गुडघा दुखत असेल किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. नवा व्यायाम सुरू केल्यावर स्नायू पाणी धरून ठेवतात, वजन किलोभर वाढतं, घाबरू नये. रोजच्या वजनात मीठ, पाणी, मासिक पाळी यांनी किलो-दीड किलोचा फरक पडतोच, म्हणून आठवड्याची सरासरी काढावी. सगळं नेटाने करूनही दोन-तीन महिने काही हललं नाही तर थायरॉइड आणि चालू औषधं तपासून घ्यावीत.

अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ पासून वजन उतरवून राखणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर राखलेल्यांनाच तिच्यात प्रवेश. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या सवयी साध्या आहेत: रोज सुमारे तासभर हालचाल, आठवड्यातून एकदा तरी वजन, सुट्टीच्या दिवशीही जवळपास तोच आहार. अडलेल्या काट्याच्या काळात आपण हेच शिकत असतो. उतरलेलं वजन राखण्याची कला आयुष्यभर लागणार आहे आणि ती शिकण्याचा याहून चांगला काळ नाही.

आता हा दिवाळी अंक तुमच्या हातात आहे, म्हणजे चकलीचा डबाही जवळच असेल. वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. या दिवाळीत वजन उतरवायचा संकल्प करू नका. फराळ करा, पाहुण्यांकडे जा, फक्त पहाटेचं चालणं एक दिवसही चुकवू नका. वसुबारसेला वजन करून कॅलेंडरवर लिहा आणि तुळशीच्या लग्नाला पुन्हा करा. आकडा तेवढाच आला तर तुम्ही जिंकलात. बैठका वाढवा, चटणी मोजा, जोडीला एखादा शेजारी घ्या आणि संक्रांतीपर्यंत थांबू नका.