सांगा पाहू, कोठे लिहिले आहे?

एखाद्या कथेवर जीव जडला म्हणजे ती नुसती वाचून वा ऐकून मनुष्याचे समाधान होत नाही. त्या कथेतील गावे, नद्या, शस्त्रे, सोयरिकी, शाप, उःशाप हे सर्व तो आपल्या घरच्या भांड्याकुंड्यांप्रमाणे मोजून ठेवतो; आणि तसाच दुसरा कोणी छांदिष्ट भेटला, की आपली पुंजी त्याच्यापुढे मांडून विचारतो, "तुझ्यापाशी हे आहे काय?" ह्या विचारण्यात स्नेह असतो, कौतुक असते, आणि थोडी रगही असते. एकत्र कुटुंबात सुटीच्या दिवसांत हा खेळ कोणी न शिकविताच सुरू होतो.

गेल्या उन्हाळ्यात वर्धा जिल्ह्यातील हिंगणी ह्या गावी एका स्नेह्यांच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. हिंगणी सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या तोंडाशी आहे. त्या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून वाघाच्या दर्शनाला निघालेल्या शहरी मंडळींची ह्या वाटेने ये-जा असते. वैशाखातल्या दुपारी मात्र अंगणात पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. नागपूरची, पुण्याची अशी घरातील सात-आठ मुले माजघरात पंख्याखाली बसून एकमेकांची परीक्षा घेत होती. विषय हॅरी पॉटरचा. रोलिंगबाईंची ही कादंबरीमाला १९९७ पासून २००७ पर्यंत सात भागांत निघाली. पहिल्या भागाच्या मराठी भाषांतराला 'हॅरी पॉटर आणि परीस' असे नाव आहे, आणि त्यातील 'परीस' हा शब्द भाषांतरकाराला सुचला ह्याबद्दल त्याचे अभिनंदनच केले पाहिजे. त्या जादूच्या शाळेत जिने किती? एकशे बेचाळीस. हॅरीच्या छडीत कोणत्या पक्ष्याचे पीस? फिनिक्सचे. एका गॅलियनचे सिकल किती? सतरा, आणि एका सिकलचे क्नट एकोणतीस. उत्तरे अशी तडातडा येत होती, की पाढे म्हणणाऱ्या वर्गाची आठवण व्हावी.

घरच्या आजी कोपऱ्यात गहू निवडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरं बाप्पा, आता मी विचारते. रुपयाच्या पै किती?" सगळी मुले गप्प. "एकशे ब्याण्णव. तीन पैंचा पैसा, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया." १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि हे कोष्टक हळूहळू व्यवहारातून उठले, ह्या मुलांना ते क्नट-सिकलांइतकेच अद्भुत वाटले. मग आजींनी आपला खरा मुलूख गाठला. बकासुराला रोज काय द्यावे लागे? "गाडाभर भात, दोन रेडे, नि तो गाडा नेणारा माणूस," हे दोघांना ठाऊक होते. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले होते त्याला मुले किती? आणि गवताची काडी कोणी उचलली? हे कोणालाच येईना. आदिपर्वातला हा प्रसंग खरोखर घरोघर वाचण्यासारखा आहे. राक्षसाकडे कोणी जावे ह्यावर बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. आणि नुकता बोबडे बोलू लागलेला धाकटा मुलगा गवताची काडी उचलून म्हणतो, की ह्या काडीने मी त्या राक्षसाला मारतो. तेवढ्या आकांतातही सगळ्यांना हसू येते. हॅरी पॉटरची पारायणे केलेल्या एका मुलाने लगेच विचारले, "म्हणजे ती त्याची छडीच की!" आजींना हे उत्तर इतके पसंत पडले, की पुढचा प्रश्न विचारण्याचा मान त्यालाच मिळाला.

ह्या खेळाचे आपल्या प्रांतातील जुने व भारदस्त रूप म्हणजे कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. दोन फड समोरासमोर उभे ठाकत. डफ-तुणतुण्याच्या साथीवर एका शाहिराने पुराणातील गूढ प्रश्न कवनात गुंफून टाकावा, आणि दुसऱ्याने कवनातच त्याची उकल करावी. अशा रचनेला 'भेदिक' असे नाव पडले. विदर्भातील खडी गंमत ह्या लोकनाट्यातही कलगी आणि तुरा हे दोन पक्ष आढळतात. चित्रपटांमुळे हा प्रकार शहरी प्रेक्षकांच्याही ओळखीचा झाला: १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' आला, १९६४ साली 'सवाल माझा ऐका'.

आमच्या वर्गात एक समजूत रूढ आहे, की पुराणांचे ज्ञान पोथी सोडणाऱ्यांच्या घरीच नांदले आणि तेथून इतरांस वाटले गेले. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांची नावे ह्या समजुतीपुढे ठेवून पाहावी. सोलापूरचे रामजोशी ब्राह्मण खरे. परंतु होनाजी गवळी, परशराम शिंपी, आणि सगनभाऊ तर शिकलगार मुसलमान. ज्या मंडळींना वेदाधिकार नव्हता आणि ज्यांच्या घरी संस्कृत पोथी असण्याचा संभव थोडा, त्यांनी ऐकून ऐकून हे अफाट कथाविश्व मुखोद्गत केले आणि भर चौकात एकमेकांकडून त्याचा हिशेब मागितला. चौकातल्या त्या परीक्षेत 'तू कोण?' ह्याला महत्त्व नव्हते, 'तुला येते काय?' ह्याला होते. ही गोष्ट आपण फारशी ध्यानात घेतलेली नाही असे म्हणणे भाग आहे.

असो. विलायतेतही ही हौस जुनीच. १८५७ साली, इकडे उत्तर हिंदुस्थान पेटलेला असता, केंब्रिजच्या क्राइस्ट कॉलेजात कॅल्व्हर्ली नावाच्या विनोदी कवीने डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' ह्या कादंबरीवर रीतसर प्रश्नपत्रिका काढून परीक्षा घेतली. पहिला आला तो वॉल्टर बेझंट, जो पुढे कादंबरीकार झाला. दुसरा वॉल्टर स्कीट, जो पुढे केंब्रिजातच अँग्लो-सॅक्सन भाषेचा प्राध्यापक झाला. १९११ साली रोनाल्ड नॉक्स ह्याने शेरलॉक होम्सच्या गोष्टींवर एक निबंध वाचला. बायबलचे पंडित धर्मग्रंथातील विसंगती ज्या गांभीर्याने धुंडाळतात, त्याच गांभीर्याने त्याने होम्सच्या गोष्टींतील विसंगती धुंडाळल्या. हेतू थट्टेचा होता, पण त्यातून वाचकांना एक चटक लागली: नुसते उत्तर पुरे नाही, ते ग्रंथात कोठे आहे ते दाखवा.

ह्या 'कोठे' शब्दाने हिंगणीच्या त्या घरात दुसऱ्या रात्री मोठाच प्रसंग ओढवला. जेवणे होऊन मंडळी ओसरीवर बसली होती. घरातील थोरल्या काकांनी मुलांना विचारले, "मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी काय म्हणाली?" लहानथोर सगळे एका सुरात बोलले, "आंधळ्याचा मुलगा आंधळा!" काकांनी मान डोलावली आणि नेहमीची पुस्ती जोडली, की बाईमाणसाच्या एका वेड्या शब्दाने अठरा अक्षौहिणी सैन्य मातीस मिळाले. तेव्हा मागच्या दाराशी उभी असलेली, सहा महिन्यांपूर्वी घरात आलेली सूनबाई हळूच म्हणाली, "काका, हे वाक्य भारतात नाही."

ओसरी एकदम स्तब्ध झाली. काका रागावले नाहीत, पण त्यांच्या आवाजाला धार आली. "नाही? मग काय आम्ही लहानपणापासून खोटं ऐकत आलो?" सूनबाईने संस्कृत घेऊन पदवी मिळविली होती हे सर्वांना ठाऊक होते, पण पदवी ही एक गोष्ट आणि सासरच्या ओसरीवर वडील माणसाला 'नाही' म्हणणे ही दुसरी. तिने वाद घातला नाही. "आपल्या कपाटात भाषांतर आहे. सभापर्व काढून पाहता येईल," एवढेच ती म्हणाली. चिपळूणकर आणि मंडळींनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या महाभारताच्या भाषांतराचे जीर्ण खंड घरात होते, आणि त्यांना वर्षानुवर्षे दसऱ्याच्या पूजेपलीकडे कोणी हात लावला नव्हता.

ते रात्रीच काढले गेले. मूळ कथाभागात असे आहे, की स्फटिकाच्या भूमीला दुर्योधन पाणी समजला, आणि पुढे पाण्याला भूमी समजून वस्त्रांसह आत पडला. त्याला पाहून भीम हसला, सेवक हसले. युधिष्ठिराच्या आज्ञेने त्याला कोरडी वस्त्रे देण्यात आली. पुन्हा त्याची फसगत झाली तेव्हा भीम, अर्जुन, नकुल, सहदेव सगळेच हसले. येथे द्रौपदीचे नाव नाही. ते येते ते पुढे, दुर्योधन हस्तिनापुरास परतून धृतराष्ट्रापुढे गाऱ्हाणे घालतो तेव्हा: कृष्ण अर्जुनासह हसला आणि द्रौपदीही स्त्रियांसह हसली, असे तो सांगतो. म्हणजे तिचे हसणे आहे ते फिर्यादीच्या जबानीत. आणि तीतही 'आंधळ्याचा मुलगा' हे शब्द नाहीतच. काकांनी चष्मा पुसून तो अध्याय दोनदा वाचला. मग पुस्तक मिटून ते म्हणाले, "सकाळी पुन्हा पाहू," आणि झोपावयास गेले. सकाळी त्यांनी खरोखर पुन्हा पाहिले. चहाच्या वेळी मुलांना जवळ बोलावून स्वतःच सांगितले, की कालचे उत्तर चूक, गुण सूनबाईंना.

कथेकऱ्यांच्या तोंडून आणि पुढे १९८८ ते १९९० ह्या काळात दूरदर्शनवर चाललेल्या मालिकेतून हे वाक्य घरोघर पोहोचले. एखादी मुलगी मोठ्याने हसली, एखादी सून चटकन काही बोलून गेली, की तिच्या अंगावर द्रौपदीचे उदाहरण टाकावयाचे. किती घरांत, किती पिढ्या, हा न केलेला अपराध मुलींना ऐकविला गेला असेल! ज्ञानाची परीक्षा घेण्याचा हा खेळ पोरकट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ह्या एका प्रश्नाचा विचार करावा.

संहितेत काय आहे आणि मागून काय शिरले ह्याचा सर्वांत मोठा तपास आपल्याच पुण्यात झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झाले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते त्यासाठी ताडून पाहिली गेली. १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनी हे ओझे वाहिले. ह्या आवृत्तीने घरगुती परीक्षकांची मोठी पंचाईत केली आहे. 'भारत कोणी लिहून घेतले?' ह्याचे उत्तर तीन वर्षांचे पोरही 'गणपतीने' असे देते. परंतु गणपती लेखनिक झाल्याची कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात घातलेली आहे. व्यासांनी गणपतीला थांबविण्यासाठी मधूनमधून अवघड श्लोक घातले, ते आठ हजार आठशे, हीही गोष्ट त्याच कथेबरोबर गेली. डॉ. इरावती कर्वे ह्यांनी ही आवृत्ती हाताशी धरून 'युगान्त' लिहिले, ते १९६७ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरात ते नाही त्या घराने ते अवश्य आणावे.

म्हणून संहितेबाहेरचे सारे टाकाऊ, असे मात्र नव्हे. जांभूळ आख्यानात द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीची ओढ उघड होते; ते व्यासांच्या भारतात नाही, पण लोकगायकांच्या भारतात आहे, आणि तेथे ते खरेच आहे. श्रीधरस्वामींच्या 'पांडवप्रतापा'वर आपल्या आज्या-पणज्या वाढल्या. त्यांची उत्तरे त्या ग्रंथाला धरून असतील तर ती चूक कशी म्हणावी? तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याने आरंभीच सांगावे, की हा प्रश्न कोणत्या ग्रंथातला. उत्तर न आल्यास ते स्थळासह स्वतः द्यावे, नाही तर तो प्रश्न बाद. पंच म्हणून सिद्धेश्वरशास्त्री चित्राव ह्यांचा १९३२ सालचा 'प्राचीन चरित्रकोश' जवळ ठेवावा. त्याने भांडणे मिटतात, क्वचित नवी लागतात. आणि घरात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी भर बैठकीत प्रश्नांच्या कैचीत धरू नये. तो खेळ नव्हे, ती झडती होय.

नवे भांडण कसे लागते ह्याचे उदाहरण हिंगणीच्या तालुक्यातच आहे. नागपूर-वर्धा रस्त्यावरील केळझर हे विदर्भातील अष्टविनायकांपैकी सिद्धिविनायकाचे स्थान. हेच प्राचीन एकचक्रानगर, आणि भीमाने बकासुर मारला तो येथेच, अशी तिकडची दृढ समजूत. परंतु हाच मान खानदेशात एरंडोलकर आपल्या गावाकडे घेतात, आणि जवळच्या पद्मालयाच्या रानात बकासुराचा वध झाल्याचे सांगतात. उत्तर प्रदेशात आणि बंगालातही एकचक्रेचे दावेदार आहेत. आता 'कोठे लिहिले आहे?' हा प्रश्न येथे लावला, तर आदिपर्व सांगते की पांडव मत्स्य, त्रिगर्त, पांचाल आणि कीचक ह्या देशांतून फिरत एकचक्रेस पोहोचले. मत्स्य देश जयपूर-अलवरकडचा, त्रिगर्त पंजाबातला, पांचाल गंगा-यमुनेच्या बाजूचा. म्हणजे केळझर आणि एरंडोल दोघांचीही बाजू लंगडी पडते. वऱ्हाडचा कोणी अभिमानी म्हणेल, की पांडव वनवासात बारा वर्षे हिंडले, त्यांना एक मुक्काम इकडे करणे काय जड होते? त्याला कोणीही चाणाक्ष मूल सांगेल, की बकासुराचा वध वनवासातला नव्हे. तो लाक्षागृहानंतरचा, द्रौपदीच्या स्वयंवराच्याही आधीचा आहे.