कोहाकडे जाण्याआधीची झाडलोट

काल नगरच्या एका वाचनालयात गेलो. कर्मचारी दाखल नोंदवही उघडून संगणकातली नोंद आणि कपाटातलं पुस्तक ताडून पाहत होते. लवकरच ते ‘कोहा’ ही ग्रंथालय व्यवस्थापनाची नवी प्रणाली वापरणार आहेत.

कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात २००० साली ती सुरू झाली. मुक्त प्रणाली, परवाना शुल्क नाही.

खरं कष्टाचं काम त्याआधी नोंदी एकसारख्या करण्याचं. ‘टिळक, लक्ष्मीबाई’, ‘लक्ष्मीबाई टिळक’, ‘टिळक ल.’ हे संगणकाला तीन लेखक वाटतात! मग ‘स्मृतिचित्रे’ शोधणाऱ्याला निम्म्या प्रती दिसतच नाहीत. आमच्या वाचनालयात नोंदींचं हे काम आधी केलं नव्हतं, नंतर वर्षभर निस्तरलं.

जुना डेटा हलवण्याआधी बॅकअप घ्याच. देवघेवीचा सराव वेगळ्या संगणकावर करा.

तुमच्याकडे बदल होतोय? अडलं तर विचारा.