पंचांवरही पंच!

पंचाला दूषणे देण्याची मुभा नसती, तर मैदानावरची निम्मी गर्दी घरीच बसली असती! आपला संघ हरला की चूक गड्यांची नसते, पंचाची असते, हा जगभरचा न्याय आहे. १९९२ साली डर्बनच्या कसोटीत आपल्या सचिन तेंडुलकरला तिसऱ्या पंचाने चित्र पाहून धावबाद ठरवले. असा बाद होणारा तो पहिलाच फलंदाज. तेव्हा अनेकांना वाटले, चला, आता तंटेच मिटले!

ते मिटतात का, हे रग्बी लीगवाल्यांना विचारावे. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातला हा तेरा-तेरा गड्यांचा खेळ म्हणजे आपल्या कबड्डीचा दांडगा मामेभाऊच. चेंडू घेऊन धावायचे. समोरच्यांनी धरून पाडायचे. सहा वेळा पाडले की चेंडू दुसऱ्या संघाकडे. गोलरेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, म्हणजे चार गुण. पण अंगावर अंगे कोसळलेली असताना चेंडू टेकला की निसटला, हे पंचाला दिसावे कसे? म्हणून इंग्लंडच्या सुपर लीगने १९९६ साली चित्रफीत पाहणारा ‘व्हिडिओ पंच’ नेमला.

आणि भांडणाला नवे घर मिळाले! मे २०१२ मध्ये मेलबर्नला क्वीन्सलंडचा ग्रेग इंग्लिस चेंडू टेकवत असता प्रतिस्पर्ध्याचा पाय लागून चेंडू निसटला. चित्रफीत पुनःपुन्हा पाहून ट्राय दिला गेला. न्यू साउथ वेल्सवाले संतापले. चित्र एकच, पण अर्थ दोन! तोवर संशयाचा फायदा चढाई करणाऱ्याला मिळे. २०१३ पासून ऑस्ट्रेलियात मैदानावरच्या पंचाने आधी आपले मत सांगावे आणि भक्कम पुरावा असेल तरच ते फिरवावे, असे ठरले.

२०१९ चा अंतिम सामना मात्र जिव्हारी लागणारा. पंचवीस वर्षांनी तिथवर पोचलेला कॅनबेरा संघ सिडनी रूस्टर्सशी ८-८ असा बरोबरीत. शेवटची दहाएक मिनिटे उरलेली. पंचाने हात फिरवून खूण केली, ‘पुन्हा सहा!’ ती पाहून जॅक वायटन निर्धास्तपणे चेंडू पोटाशी धरून खाली गेला. तेवढ्यात सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून पंचाने निर्णय बदलला होता! चेंडू गेला, लगेच ट्राय झाला आणि रूस्टर्स १४-८ ने जिंकले. गंमत अशी, की बदललेला निर्णयच नियमाने बरोबर होता. पण फिरलेल्या हातावर विसंबलेल्या वायटनने काय करावे?

२०२० पासून तिथे कर्णधारालाही पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येते. यंत्र काय घडले ते दाखवील. पण खुणेवर ठेवलेला विश्वास मोडला, तर तो चित्रफीत मागे फिरवून परत मिळत नाही. बाकी पंचाला दूषणे देणाऱ्यांची काळजी नको. त्यांच्यापैकी अजून कोणी घरी बसलेला नाही!