हाताला येतं, कागदावर का येत नाही? – त्वचेच्या शास्त्राची एक परीक्षा

मागच्या वेळी आपण कौशल्य आणि ज्ञान यांच्याविषयी बोलत होतो. व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण ज्याच्या हातात कला आहे त्याला पुस्तकाची गरज काय?" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर मी आज एका परीक्षेच्या निमित्ताने देणार आहे. ही परीक्षा तत्त्वज्ञानाची नाही. अमेरिकेत ज्याला एस्थेटिशियन म्हणतात, म्हणजे फेशियल, वॅक्सिंग, त्वचेची निगा हे काम करणारी व्यक्ती, तिच्या परवान्याची ही लेखी परीक्षा आहे. तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्याचा आणि फेशियलचा काय संबंध? सांगतो.

माझी एक भाची सांगलीला पार्लर चालवायची. अठरा वर्षं. तिच्या हाताखाली मुली शिकून बाहेर पडल्या. पुढे जावयांच्या नोकरीमुळे कुटुंब कॅलिफोर्नियात गेलं. तिथे नुसत्या दोऱ्याने भुवया कोरायला परवाना लागत नाही. वॅक्स, फेशियल याला मात्र लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त शाळेत ६०० तास शिकायचं आणि मग परीक्षा द्यायची. तिथली प्रात्यक्षिक परीक्षा २०२२ पासून बंद झाली. राहिला फक्त लेखी पेपर. म्हणजे जे तिला झोपेतही आलं असतं ते कुणी विचारणारच नव्हतं, आणि ज्याची धास्ती होती तेवढंच उरलं होतं.

मी तेव्हा मुलाकडे तीन महिने गेलो होतो. भाची म्हणाली, "मामा, तुम्ही आयुष्यभर परीक्षा घेतल्यात. माझी तयारी करून घ्या ना." मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. आणि काय केलं? जे आपले मास्तर करायचे तेच. चिठ्ठ्या केल्या, नावं घोकून घेतली. त्वचेच्या वरच्या भागाला, म्हणजे एपिडर्मिसला, पाच थर असतात. तळापासून वर बेसाले, स्पायनोसम, ग्रॅन्युलोसम, ल्युसिडम, कॉर्नियम. यातला ल्युसिडम फक्त तळहात-तळपायाच्या जाड त्वचेत असतो. ती हे घडाघडा म्हणायला लागली. मी खूश. आणि ती नापास झाली.

त्या संध्याकाळी ती जे बोलली ते अजून कानात आहे. "मामा, सांगलीत बायका माझ्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवायच्या. इथे कागद म्हणतो, तुला काही येत नाही." मी काय उत्तर देणार? चूक तिची नव्हती. शिकवणाऱ्याची होती.

आता जरा ॲरिस्टॉटलकडे जाऊ. 'मेटाफिजिक्स'च्या पहिल्याच भागात तो अनुभव आणि शास्त्रीय कौशल्य यांत फरक करतो. अनुभवी माणसाला 'असं होतं' हे माहीत असतं. शास्त्र जाणणाऱ्याला 'असं का होतं' हेही माहीत असतं. गंमत म्हणजे तो हेही प्रामाणिकपणे सांगतो की प्रत्यक्ष काम करताना कोऱ्या पुस्तकी माणसापेक्षा अनुभवी माणूस पुष्कळदा सरस ठरतो. मग 'का' कळण्याचा उपयोग कुठे? तर समोरचं प्रकरण नेहमीसारखं नसतं तिथे. परवान्याची लेखी परीक्षा नेमकी याच जागेवर बोट ठेवते. भाचीकडे 'असं होतं' भरपूर होतं. मी तिला 'का' द्यायला हवा होता, आणि दिली काय, तर नुसती नावं.

म्हणून आम्ही पुन्हा बसलो. चिठ्ठ्या केराच्या टोपलीत. या वेळी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा ठरवलं: हे मला माहीत नसेल तर समोर खुर्चीत बसलेल्या बाईचं काय नुकसान होईल?

पहिले थरच घ्या. सगळ्यात तळाच्या बेसाले थरात नव्या पेशी जन्मतात. त्या वर सरकत सपाट होतात, आणि कॉर्नियमला पोचेपर्यंत मेलेल्या असतात. तरुण त्वचेत या प्रवासाला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढलं की जास्त. बरं, हे कशाला माहीत हवं? कॅलिफोर्नियाचा नियम सांगतो की एस्थेटिशियनने चेहऱ्याच्या त्वचेचा फक्त वरचा, निर्जीव भाग काढायचा, आणि तोही सौंदर्यासाठीच. म्हणजे ज्या थरांची नावं आपण पोपटासारखी म्हणत होतो, ती खरं तर हद्दीची खूण आहे. इथपर्यंत तुझा हात, याच्या खाली डॉक्टरांचा.

आणि हद्द ओलांडली हे ओळखायचं कसं? आपल्या न्यायशास्त्रात धूर आणि अग्नीचं उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी, या अतूट संबंधाला व्याप्ती म्हणतात. एपिडर्मिसमध्ये रक्तवाहिन्या नसतात. त्या खालच्या डर्मिसमध्ये असतात. मग एक्सफोलिएशन करताना रक्ताचा टिपका दिसला तर अनुमान काय? आपण वरचा भाग ओलांडून डर्मिसपर्यंत पोचलो. लगेच थांबायचं. भाची एकदम म्हणाली, "अहो मामा, हे तर मी नेहमीच थांबायचे. का थांबायचे ते आज कळलं." मंडळी, त्या क्षणापासून तिची भीती उतरणीला लागली.

दुसरी अडचण भाषेची. पेपर मराठीत नाही. त्यातले शब्द ग्रीक-लॅटिन. पण ते आपल्याला वाटतात तेवढे परके नाहीत, बरं का! ग्रीक 'डर्मा' ज्या धातूपासून आला तो आपल्या संस्कृत 'दृ' धातूचा, म्हणजे विदारण, विदीर्ण यातल्या धातूचा, सख्खा नातेवाईक आहे. सोलून निघते ती त्वचा. 'हायपर' म्हणजे आपला 'उपरि'. 'अ' आणि 'अन्' हे तर दोन्हीकडे नकारच दाखवतात. घामाला ग्रीकमध्ये 'हिड्रोस', लॅटिनमध्ये 'सुदोर', संस्कृतात 'स्वेद', तिन्ही एकाच मुळाचे. मग 'अनहिड्रोसिस' म्हणजे घाम न येणं आणि 'हायपरहिड्रोसिस' म्हणजे अति घाम, हे पाठ करावं लागत नाही, उलगडतं. वीस-पंचवीस मुळं आली की शेकडो शब्द आपोआप बोलायला लागतात.

एका ठिकाणी मात्र आपली भाषाच दगा देते. आपण सरसकट 'निर्जंतुक करणं' म्हणतो. परीक्षेत तिथे तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. क्लीनिंग म्हणजे साबणपाण्याने घाण काढणं. डिसइन्फेक्शन म्हणजे औषधी द्रावणाने कठीण पृष्ठभागावरचे बहुतेक जंतू मारणं. स्टरिलायझेशन म्हणजे जंतूंचे चिवट बीजाणूसुद्धा मारणं, त्याला ऑटोक्लेव्ह लागतो. क्रमही महत्त्वाचा: आधी धुवायचं, मग द्रावणात बुडवायचं, आणि लेबलवर लिहिलेली मिनिटं पूर्ण भरू द्यायची. का? तेल-मळाचा थर राहिला तर द्रावण जंतूंपर्यंत नीट पोचतच नाही. आणि पार्लरमधली ती निळ्या दिव्याची पेटी? ती आधीच स्वच्छ केलेली उपकरणं ठेवायला. तिच्यावर डिसइन्फेक्शनचा भरवसा टाकायचा नाही. वॅक्समध्ये एकदा अंगाला लावलेली काडी पुन्हा बुडवायची नाही, हेही याच 'का'मधून येतं. इथे भाची जरा गप्प झाली. म्हणाली, "मामा, हे आमच्याकडे सगळेच करायचे." अनुभवाची ही दुसरी बाजू. अठरा वर्षांत बरोबर सवयी मुरतात तशा चुकीच्याही मुरतात, आणि आतून त्या दोन्ही सारख्याच वाटतात.

आता पीएच. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग थोडा आम्ल असतो, साधारण ४.५ ते ५.५. साध्या साबणाचा पीएच ९-१०. फरक चार-पाचाचाच दिसतो ना? पण ही मोजणी दसपटीची आहे. एक अंक म्हणजे १० पट, चार अंक म्हणजे १० हजार पट. साबणाने तोंड धुतल्यावर त्वचा ओढल्यासारखी का होते, याचं एक कारण इथे आहे.

आणि एक विषय आपल्या समाजाच्या दुखऱ्या जागेचा, रंगाचा. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेचे प्रकार मांडले. ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते, हा त्यांचा निकष. सावळ्या प्रकारांची भर नंतर पडली, आणि आज सहा प्रकार मानतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक त्या पेशी किती आणि कसं मेलॅनिन तयार करतात यात आहे. आपल्यासारख्या त्वचेला कडक पील दिलं आणि दाह झाला, तर मागे काळे डाग उरू शकतात. गोरं करायच्या नादात डाग द्यायचे, याला काय म्हणावं?

प्रश्न सोडवायची रीतही सांगतो. चार पर्यायांत बरोबर कुठला हे शोधू नका. उरलेले तीन का चूक, हे स्वतःच्या शब्दांत सांगा. समजा, एक बाई ओठांवरचं वॅक्स करायला आली, आणि बोलता बोलता म्हणाली की मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत. कमी गरम वॅक्स? छोटी पट्टी? आधी टेस्ट? तिन्ही चूक, कारण या औषधाने त्वचा नाजूक होते आणि वॅक्सबरोबर सोलून निघू शकते. उत्तर एकच: वॅक्स करायचं नाही. तसंच आकार बदलणारा तीळ दिसला तर 'हा कर्करोग आहे' असंही म्हणायचं नाही आणि 'काही नाही हो' असंही नाही. डॉक्टरांकडे पाठवायचं. रोगनिदान हे आपलं काम नाही. परीक्षेतले पुष्कळ प्रश्न फिरून याच ठिकाणी येतात: तुम्हाला थांबता येतं का?

आता कुणी म्हणेल, सर, मग सरकार मागेल तेवढं सगळं शिकलंच पाहिजे का? नाही. टेक्ससमध्ये दोऱ्याने भुवया करणाऱ्यांकडून ७५० तासांच्या शिक्षणाचा परवाना मागितला जायचा. पटेल आणि इतर काही जण न्यायालयात गेले. त्यातल्या ३२० तासांचा त्यांच्या कामाशी संबंध नाही, हे सरकारनेही मान्य केलं, आणि २०१५ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यापुरती ती अट घटनाबाह्य ठरवली. म्हणजे आपण घरी बसून लावत होतो तीच कसोटी तिथेही उपयोगी पडते: हे ज्ञान नसेल तर कुणाचं काय बिघडेल? उत्तर सापडलं तर मनापासून शिका. सापडत नसेल तर अटीलाच प्रश्न विचारा.

भाची दुसऱ्या वेळी पास झाली. मी तोवर पुण्याला परतलो होतो. तिचा फोन आला. मला वाटलं, मार्क सांगेल. ती म्हणाली, "मामा, मी सांगलीच्या माझ्या मुलींना व्हिडिओ कॉल केला. काडी दोनदा बुडवायची नाही, आणि का नाही, ते समजावून सांगितलं."

जो जाणतो त्याची खूण ही की त्याला शिकवता येतं, असं ॲरिस्टॉटल त्याच भागात म्हणतो. ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. हातातली कला आपल्याबरोबर राहते. तिचा 'का' सापडला की ती दुसऱ्याच्या हातात देता येते, आणि देताना आपल्या चुकाही गाळता येतात.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या वेळी घेऊ. नमस्कार.