भर उन्हात वीज का जाते? छोट्या वीजजालाचा तोल

विश्रामबागेतील एखाद्या शाळेच्या गच्चीवर सौर पॅनेल बसविलेली आहेत, भर दुपारचे ऊन आहे आणि नेमकी त्याच वेळी बाहेरची वीज गेली, तर शाळेतील पंखेही बहुधा थांबतात. यंत्रणा बिघडली, असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः ती आपले काम चोख बजावीत असते. अशा यंत्रणेतील इन्व्हर्टर बाहेरच्या तारांतील विजेचा ताल धरूनच चालतो आणि तो ताल तुटताच काही क्षणांत स्वतःला अलग करतो. खांबावर चढलेल्या वायरमनला बंद समजलेल्या तारेतून धक्का बसू नये, यासाठी ही तजवीज आहे. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे पाटण तालुक्यातील गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. तेथे विजेच्या बिलाचा प्रश्न सुटला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु वीज खंडित झाल्यावरही दिवे चालू ठेवावयाचे असतील, तर निराळी व्यवस्था लागते. तिलाच मायक्रोग्रिड, म्हणजे छोटे स्वयंपूर्ण वीजजाल, असे म्हणतात.

अशा जालाची खरी अडचण तोल सांभाळण्याची आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. मागणी वाढली की हा वेग मंदावू पाहतो आणि घटली की वाढू पाहतो. कोयनेसारख्या प्रकल्पातील अवजड फिरती यंत्रे आपल्या गतीच्या जोरावर असा धक्का सोसतात आणि तेवढ्या अवधीत पाण्याचा प्रवाह कमीजास्त करता येतो. सौर पॅनेलमध्ये फिरणारे असे काहीच नाही. शिवाय मोठ्या जालात एक मोटार सुरू झाल्याचे कोणाच्या गावीही नसते. छोट्या जालात मात्र तीच मोटार संकट ठरू शकते.

पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या सह्याद्रीतील वस्तीत २०१२ मध्ये सुमारे ४० घरांसाठी साडेनऊ किलोवॉटच्या आतबाहेरचे सौर वीजजाल उभे राहिले. एवढ्याच ताकदीच्या जालावर कोणी तीन अश्वशक्तीची पिठाची गिरणी थेट सुरू केली, असे समजा. तिची नेहमीची गरज सव्वादोन किलोवॉटची. पण सुरू होताना ती काही क्षण पाच-सहा पट प्रवाह ओढते. विद्युतदाब कोसळून सारी वस्ती अंधारात जाण्यास तेवढे पुरे होते.

यावरील उपाय बॅटरीला जोडलेल्या विशेष इन्व्हर्टरमध्ये आहे. तो बाहेरच्या तालाची वाट पाहत नाही. स्वतःच ताल देतो. असे दोन-तीन इन्व्हर्टर एकत्र असतील, तर भार वाढताच प्रत्येकजण आपला वेग किंचित उतरू देतो. हा उतार सर्वांना एकाच वेळी जाणवतो आणि प्रत्येकजण आपल्या कुवतीप्रमाणे वाटा उचलतो. त्यासाठी त्यांच्यात संदेशाची तारही लागत नाही, ही या युक्तीतील गंमत. बॅटरी पूर्ण भरली की उलट घडते. वेग थोडा चढविला जातो आणि ती खूण ओळखून सौर इन्व्हर्टर आपले उत्पादन आवरते घेतात. बाहेरची वीज परत आल्यावर दोन्हींकडील दाब, वेग आणि ताल जुळल्याखेरीज स्विच जोडला जात नाही. घाईने जोडल्यास यंत्रे जळण्याचे भय असते.

सांगलीकरांना हा विषय केवळ पुस्तकी वाटू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा सुरक्षिततेसाठी बंद ठेवावा लागला होता. अर्थात पुराच्या दिवसांत आभाळही झाकोळलेले असते, हे विसरता येणार नाही. पॅनेलची वीज तेव्हा फार घटते आणि सारा भार बॅटरीवर व जोडीच्या डिझेल जनित्रावर पडतो. म्हणून आरोग्य केंद्रातील लसींचा फ्रीज, पाणीपुरवठ्याचा पंप आणि रस्त्यावरचे दिवे यांपैकी प्रथम काय बंद करावयाचे, हा क्रम यंत्रणेत आधीच बसवावा लागतो. तो ठेकेदाराने नव्हे, ग्रामपंचायतीने ठरविणे बरे. निविदा काढतानाच दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: बाहेरची वीज नसताना यंत्रणा स्वतंत्रपणे चालेल काय, आणि चालल्यास कोणता भार किती तास उचलील.